कुलूप कुणी लावलं?

जून-जुलै महिना आला की आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत नवे चेहरे दिसू लागतात. परभणी, हिंगोली, नांदेड, वाशीम, बुलडाणा अशा लांबच्या जिल्ह्यांतून मुलं-मुली पुण्यात शिकायला येतात. कुणी पदवीसाठी, कुणी नर्सिंगसाठी, कुणी एम.पी.एस.सी.च्या तयारीसाठी. शासकीय वसतिगृहात नंबर लागला तर ठीकच. नाही लागला तर पेठांमधून, कर्वेनगर-धनकवडीकडे, कॉट बेसिसवर जागा शोधत ही लेकरं वणवण फिरतात. मी एका कार्यालयात लिपिक आहे. रविवारी सकाळी वंदना आटोपली की आम्ही तिघी-चौघी जणी सतरंजीवर बसून या मुलांचे अर्ज भरून देतो, दाखले तपासतो, झेरॉक्सवर सह्या घेतो. बारा वर्षांपासून हे काम चालू आहे.

या बारा वर्षांत एक गोष्ट मी पक्की ओळखली. आपल्या मुलांना शिष्यवृत्तीचे नियम तोंडपाठ असतात. पण ज्या खोलीत आपण राहतो, जिचं भाडं आपला बाप दर महिन्याला पाठवतो, त्या खोलीवर आपला हक्क किती, हे विचारलं तर मुलं एकमेकांकडे बघतात. मालकानं कुलूप लावलं की मुलं बाहेर पायरीवर बसतात. गावाकडे फोन जातो, बाप उसनेपासने करतो, पैसे येतात, कुलूप उघडतं. कुणी विचारतच नाही की हे कुलूप लावायचा अधिकार त्याला दिला कुणी?

खोलीत जाता येत नाही, असं मुलं मला सांगतात तेव्हा माझा पहिला प्रश्न एकच असतो. कुलूप कुणी लावलं? या एका प्रश्नाच्या उत्तरावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. कसं ते माझ्या भाचीच्या उदाहरणावरून सांगते.

माझी धाकटी बहीण परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिलेली आहे. तिची मोठी मुलगी २०२० साली पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. आमचं घर ताडीवाला रोडला, दहा बाय बाराची एक खोली आणि पोटमाळा, त्यात सासूबाईंसह आम्ही पाच माणसं. म्हणून तिला कर्वेनगर भागात दोन मैत्रिणींबरोबर एक खोली बघून दिली होती. मालक खाली राहायचे, मुली वर. प्रत्येकीचे महिन्याला तीन हजार आणि डिपॉझिट सहा हजार. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार, खाली नोटरीचा शिक्का.

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. पंधरा दिवसांत परत येऊ म्हणून मुली एकेक पिशवी घेऊन गावी गेल्या. दाराला त्यांचंच छोटं कुलूप होतं, तिघींकडे तीन किल्ल्या. नंतर २२ तारखेचा जनता कर्फ्यू झाला, २४ तारखेच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या. आमची वस्ती तर प्रतिबंधित क्षेत्रात गेली, गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे. त्यामुळे एकाच शहरात असूनही मला कर्वेनगरला जाऊन ती खोली बघता येईना.

एप्रिलपासून मालकांचे फोन सुरू झाले. भाडं पाठवा. बहिणीच्या नवऱ्याची काळीपिवळी जीप दारात उभी, घरात रेशनचा तांदूळ. तो म्हणायचा, ताई, टीव्हीवर तर सांगितलंय की भाडं माफ आहे.

माफ नव्हतं. ही गोष्ट आजसुद्धा पुष्कळांच्या डोक्यात चुकीची बसलेली आहे, म्हणून थोडं नीट सांगते. केंद्रीय गृह मंत्रालयानं २९ मार्च २०२० रोजी आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली आदेश काढला. त्यात एक महिन्याचं भाडं मागू नये असं म्हटलं होतं ते कामगारांबद्दल. विद्यार्थ्यांचं नाव त्यात निराळ्या वाक्यात आलं होतं. मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना जागा सोडायला भाग पाडणाऱ्या घरमालकावर कारवाई होईल, असं ते वाक्य होतं. पुढे १७ एप्रिलला आपल्या राज्याच्या गृहनिर्माण विभागानं सूचना दिली की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि या काळात भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नये. पुढे ढकलणं म्हणजे सोडून देणं नव्हे. आमच्या ऑफिसात एखादी वसुली पुढच्या तिमाहीत ओढली म्हणून ती वहीतून पुसली जात नाही, तसंच हे. त्याच वर्षी २१ मे रोजी दिल्ली उच्च न्यायालयानंही एका दुकानाच्या खटल्यात सांगितलं की नुसती टाळेबंदी आहे म्हणून भाडं आपोआप थांबत नाही. आधी करारात काय लिहिलंय ते बघावं लागतं, आणि भरायला थोडी सवलतीची मुदत मिळू शकते.

तेव्हा पहिलं कुलूप सरकारनं लावलं होतं, रोगानं लावलं होतं. मालकानं लावलं नव्हतं. माझ्या भाचीचं सामान त्या खोलीत होतं, खोली तिच्या नावानं अडकून पडली होती आणि मालकांना ती दुसऱ्याला देता येत नव्हती. त्या महिन्यांचं भाडं आपण देणं लागतो, असं मी बहिणीला स्पष्ट सांगितलं. तिला ते आवडलं नाही. "तू आमच्या बाजूची का त्यांच्या?" असं म्हणाली. मी म्हटलं, बाजू नंतर ठरवू, आधी हिशेब करू. राहायचंच नसेल तर त्याच महिन्यात लेखी कळवून जागा सोडली पाहिजे. म्हणजे पुढचं भाडं चढत नाही. पण सोडायचं तर सामान काढायला माणूस पाठवायचा कुठून, हा प्रश्न होताच. म्हणून मुलीला सांगितलं की मालकांना व्हॉट्सॲपवर लिही, आम्ही भाडं बुडवणार नाही, टाळेबंदी उठल्यावर हप्त्यानं देऊ, खोलीला हात लावू नका. तिनं लिहिलं. तो निरोप पुढे फार कामाला आला.

जुलैच्या सुरुवातीला मालकांचा उलट निरोप आला की दहा तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर सामान बाहेर काढीन. त्या वेळी एस.टी.च्या आंतरजिल्हा गाड्या बंद होत्या, खाजगी गाडीला ई-पास लागत होता. पोर यायची कशी? २० ऑगस्टला एस.टी. सुरू झाली आणि तीन-चार दिवसांत बाप-लेक पुण्यात आले. बघतात तो दाराला दुसरंच कुलूप आणि बाहेर अनोळखी पुरुषांच्या चपला! मालकांनी १० जुलैला करवतीनं कुलूप कापून खोली दुसऱ्यांना दिली होती. मुलींच्या गाद्या, भांडी, पुस्तकं पोत्यात भरून गच्चीवर पत्र्याखाली टाकली होती. पावसाळ्याचे दिवस. भाचीची पत्र्याची पेटी मात्र मालकांनी स्वतःच्या घरात ठेवली होती. एप्रिल ते ऑगस्ट पाच महिन्यांचे पंधरा हजार द्या आणि पेटी घेऊन जा, असं त्यांचं म्हणणं.

त्या पेटीत काय होतं हे आपल्या वाचकांना फोड करून सांगायची गरज नाही. शिष्यवृत्तीच्या कामासाठी गावाहून आणलेली मूळ कागदपत्रांची फाईल त्यात होती. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, आणि तिच्या आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. आपले किती आजे-पणजे त्या काळी शाळेत गेले होते? या आजोबांनी दुसरीपर्यंतची शाळा केली म्हणून नातीचं काम झालं. तो उतारा मिळवायला माझ्या मेहुण्यानं त्या शाळेत सात हेलपाटे घातले होते. रजिस्टरच्या पानांचा भुगा होत आला होता, असं मुख्याध्यापक म्हणाले होते. असा कागद दुसऱ्याच्या घरात, पाच महिन्यांच्या भाड्यापायी गहाण पडला होता. आणि मुलीला एम.एस्सी.चा प्रवेश घ्यायचा होता.

आता इथे दुसरं कुलूप आलं. हे मालकानं लावलेलं. इथून पुढे कायदा वेगळा बोलतो.

पुण्या-मुंबईत विद्यार्थ्यांना जागा देतात ती बहुतेक 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर. एजंट मुलांना सांगतो की तुम्ही भाडेकरू नाही, नुसते परवानगीनं राहणारे, मालक म्हणेल तेव्हा उठायचं. यातलं अर्धं खरं आहे. भाडेकरूला जेवढं संरक्षण असतं तेवढं लायसन्सवर राहणाऱ्याला नसतं. पण म्हणून तो उघड्यावर पडलेला नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम हा १८८२ सालचा कायदा आहे. त्याचं कलम ६३ म्हणतं की दिलेली परवानगी काढून घेतली तरी त्या माणसाला जागा सोडायला आणि आपलं सामान हलवायला वाजवी मुदत मिळाली पाहिजे. कलम ६४ म्हणतं की मोबदला घेऊन परवानगी दिली आणि त्या माणसाचा दोष नसताना मुदतीआधी बाहेर काढलं, तर तो भरपाई मागू शकतो. इंग्रजांच्या अमदानीतला हा कायदा आजही लागू आहे.

समजा मुदत संपली आणि तरीही विद्यार्थी जागा सोडत नाही. तेव्हासुद्धा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालकानं सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांची दुप्पट रक्कम मागायची तरतूदही त्यात आहे. म्हणजे मालकासाठीसुद्धा कायद्यानं रस्ता करून ठेवलेला आहे. करवत हा तो रस्ता नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली मुंबईच्या एका उपाहारगृहाच्या प्रकरणात हेच सांगितलं. जागेत स्थिरावलेल्या माणसाला तिथे राहायचा हक्क उरला नसेल असं धरलं तरी, कायद्याचा मार्ग सोडून मालक त्याला बाहेर काढू शकत नाही. बेकायदा ताबा गेलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावून तो परत मागता येतो, अशी तरतूद १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ मध्ये आहे. लायसन्सवाल्याला ते कलम लागू पडतं की नाही यावर वकील मंडळी वाद घालतात, म्हणून तिथे वकिलाचा सल्ला घ्यावा. पण सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवावी, कारण आपली माणसं बोलणी करण्यातच वर्ष घालवतात.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक होतं असं समजू नका. मी बी.कॉम., कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. मला ठाऊक होतं ते एवढंच की तोंडी बोलण्याला किंमत नाही, कागद करावा आणि त्याची पोच घ्यावी. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी जवळच्या पोलीस चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी नेहमीचं उत्तर दिलं की ताई, हे मालक-भाडेकरूचं दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. मी म्हटलं, भाड्याचं दिवाणी आहे हे मान्य. पण मुलीची पेटी आणि सरकारी दाखले अडकवून ठेवणं हे कोणत्या भाड्यात बसतं? अर्ज दोन प्रतींत लिहून नेला होता. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून मागितला. शिक्का मारताना साहेबांनी पहिल्यांदा अर्ज नीट वाचला. मग शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिकडे गेलो. आयाबायांनो, हे कार्यालय लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. वकिलाच्या फीच्या भीतीनं आपण पोरांचे हक्क सोडून देतो, आणि इथे तर ती फी सरकार भरतं. १५१०० या नंबरावर फोन केला तरी माहिती मिळते.

पॅनेलवरच्या वकीलताईंनी करार हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला की याची नोंदणी कुठे आहे? मालकांचं म्हणणं, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. पुण्यात निम्म्या लोकांचा हाच समज आहे. आपल्या राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अटींबद्दल वाद झाला तर राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, मालकाला ते पुराव्यानं खोडावं लागतं. एवढं फोनवर ऐकल्यावर मालकांचा आवाज खाली आला. शनिवारी या म्हणाले, बसून मिटवू.

त्या शनिवारी मी, मेहुणे, भाची आणि विहाराचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते असे चौघं तोंडाला मास्क बांधून गेलो. मालक निवृत्त माणूस, पेन्शन नाही, घरावर बँकेचा हप्ता. वाईट माणूस म्हणता येणार नाही. आमच्यापुढे पाणी ठेवलं. मालकीणबाईंनी पेटी आणून मधोमध ठेवली. कुलूप शाबूत होतं, पण पेटीच्या मागच्या बिजागऱ्या सैल झालेल्या दिसत होत्या. मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही आम्हाला आधी सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतं?"

"म्हणजे... तुमचं. आडनावावरून तसं वाटलं नाही."

फाईल उघडून बघितली होती तर. खोलीत कुणी काही बोललं नाही. भाची पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काका, तुमच्या करारात नाव, गाव, आधार नंबर, कॉलेज असे सगळे रकाने आहेत. हा रकाना त्यात नव्हता. म्हणून भरला नाही."

मालकीणबाई आत निघून गेल्या.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी विश्रामगृहातून अकराव्या दिवशी बाहेर पडावं लागलं, ते आपल्यापैकी प्रत्येकानं लहानपणापासून ऐकलेलं आहे. त्यानंतर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आला. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यापासून किंवा तिथे राहण्यापासून अडवणं हा त्यात गुन्हा ठरवला आहे. पुण्यात आजही खोली दाखवताना आडनाव विचारतात, गाव विचारतात, नॉनव्हेज खाता का विचारतात, आणि मग खोली कालच गेली असं सांगतात. हे सिद्ध करणं किती अवघड असतं ते मी चांगलं जाणते. आमच्यातले एक-दोन तरुण कार्यकर्ते नंतर म्हणाले की ताई, तेव्हाच ॲट्रॉसिटी टाकायला हवी होती. मला ते पटलं नाही. मालकांनी शिवी दिली नव्हती, चारचौघांत अपमान केला नव्हता. त्यांनी कुलूप तोडलं ते भाड्यापायी, फाईल त्यांनी नंतर पाहिली. जो कायदा आपल्या लोकांनी एवढं सोसून मिळवला, तो जिथे बसतो तिथेच वापरावा, नाहीतर खऱ्या प्रकरणातल्या बाईचं म्हणणं कुणी ऐकत नाही. यावर आमच्यात मतभेद आहेत आणि राहतील.

मी वही काढली आणि हिशेब मांडला. एप्रिल, मे, जून असे तीन महिन्यांचे नऊ हजार देणं. जुलैचे दहा दिवस, तीन हजाराला एकतीसनं भागून दहानं गुणलं तर ९६८ रुपये. १० तारखेला तुम्ही कुलूप तोडलं, दुसऱ्यांना खोली दिली, त्यांच्याकडून भाडंही घेतलं. एका खोलीचं एकाच दिवसाचं भाडं दोघांकडून कसं मागता? म्हणून तिथे रेघ. एकूण ९,९६८. त्यातून डिपॉझिट सहा हजार वजा, राहिले ३,९६८. आता पावसात भिजलेली गादी ९५०, पुस्तकं १,२०० आणि शेगडी-कुकर ५००, असे २,६५० आमचं येणं. शेवटी आम्ही तुम्हाला देणं लागतो १,३१८ रुपये. मालक हिशेबाकडे बराच वेळ बघत बसले. म्हणाले, दीड हजार द्या. मी म्हटलं, काका, पंधरा हजार तुमचे खरे असते तर पंधरा दिले असते. हिशेब १,३१८ चा आहे.

मेहुण्यानं १,३१८ रुपये मोजून दिले. मी दोन प्रतींत लिहून घेतलं की देणंघेणं संपलं, पेटी आणि सामान यादीप्रमाणे मिळालं. दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या, पैशांची पावती वेगळी. मग तिथेच पेटी उघडून एकेक कागद यादीला लावून बघितला. आजोबांचा उतारा होता. कडेनं ओल लागून पिवळा पडला होता, पण अक्षर शाबूत होतं. त्या दोन मैत्रिणींचं मात्र वेगळं झालं. एकीच्या वडिलांनी जुलैतच धास्तीनं सगळे पैसे भरले होते, तरी तिचीही गादी गच्चीवरच भिजत होती. मी त्यांना अर्ज लिहून द्यायची तयारी दाखवली होती. ते म्हणाले, जाऊ द्या ताई, पोरीच्या जातीला कोर्टकचेरी नको.

आता टाळेबंदी नाही, पण खोलीत न जाता येण्याचे प्रसंग संपलेले नाहीत. २५ जुलै २०२४ रोजी मुठेला पूर आला, सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात गेली. तळमजल्यावरच्या मुलांनी अभ्यासाच्या वह्या वाळत घातल्या, आणि मालक भाडं मागायला आले तेव्हा काय उत्तर द्यावं ते त्यांना कळेना. इथेही प्रश्न तोच. पाणी मालकानं सोडलं नव्हतं, तेव्हा आठ-दहा दिवस खोली वापरता आली नाही म्हणून भाडं आपोआप बंद होत नाही. सूट लेखी मागावी, समजूतदार मालक देतात. भाडेपट्ट्यानं घेतलेली जागा मात्र पुरानं, आगीनं कायमची राहण्यालायक उरली नसेल, तर १८८२ च्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे पट्टा तिथेच संपवण्याचा पर्याय भाडेकरूच्या हातात असतो. आणि पाणी ओसरल्यावर डागडुजीचं निमित्त करून मालकानं कुलूप ठोकलं आणि दुसऱ्याला जास्त भाड्यानं जागा दिली, तर ते कुलूप मालकाचं झालं.

करार नोंदवून घ्या असं मी एवढ्या आग्रहानं का सांगते, त्याला आणखी एक कारण आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला तिच्यातून वर्षाला साठ हजारांपर्यंत मिळतात, त्यातले वीस हजार निवासाचे धरलेले आहेत. त्या अर्जाला भाडेकरार जोडावा लागतो. मालक कागद करून देत नाही म्हणून अर्ज राहून गेलेली पोरं मी दरवर्षी बघते. दोनशे रुपयांनी स्वस्त खोली मिळाली म्हणून विनाकराराची जागा घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे, हे आईबापांनीच मुलांना समजावलं पाहिजे. नोंदणी आता ऑनलाइन होते, मालकाला कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. भाडं हातात रोख देऊ नये. दिलंच तर पावती घ्यावी, ती देणं मालकाला बंधनकारक आहे. आणि मूळ दाखले खोलीत ठेवून गावी जाऊ नये, मग सुट्टी दोन दिवसांची का असेना.

शेवटी थोडं आपल्याही घरात बघितलं पाहिजे. आपल्या वस्तीतल्या ज्यांना नोकऱ्या लागल्या, त्यांनी वर एक-दोन मजले चढवले आणि खोल्या मुलांना दिल्या. चांगली गोष्ट आहे, आपल्या पोरांना आडनाव न विचारता जागा मिळते. पण २०२३ साली आमच्याच विहारात दर पौर्णिमेला खीरदान करणाऱ्या एका गृहस्थांनी लाइट बिलाच्या भांडणावरून हिंगोलीच्या एका मुलाच्या खोलीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी त्याचा पेपर होता. पोरगा अभ्यासिकेच्या पायरीवर बसलेला मला दिसला. मी त्या गृहस्थांकडे गेले. "जयभीम ताई," म्हणाले, "आपलाच मुलगा आहे, घरातली गोष्ट आहे, यात कायदा कशाला?" मी म्हटलं, दादा, आपला आहे म्हणून तर पोलीस चौकीत न जाता आधी तुमच्याकडे आले. रात्री नऊच्या सुमारास त्यांनी कुलूप काढलं. सहाशे चाळीस रुपयांच्या बिलाचा वाद पुढे दोन महिने चालला, मीटरचा फोटो दोघांनी वेगवेगळ्या तारखेला काढला होता म्हणून.